संशोधन, सभागृह आणि गडचिरोली

तरुण शास्त्रज्ञ आणि निवडून आलेले लोकप्रतिनिधी यांची गाठ घालून देण्याच्या योजना अमेरिका व ब्रिटनमध्ये जुन्या आहेत. महाराष्ट्रात ही गाठ बहुधा योजनेतून नव्हे, तर एखाद्या प्रश्नाच्या निकडीतून पडत आली. तिची सर्वांत बोलकी उदाहरणे मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत नव्हे, तर राज्याच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत सापडतात.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. विधानसभेच्या २८८ जागांपैकी आरमोरी, गडचिरोली व अहेरी या तीन जागा या जिल्ह्यात असून तिन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, चिमूर व वरोरा असे सहा मतदारसंघ आहेत. म्हणजे घनदाट जंगल, विखुरलेली गावे आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते असलेल्या या विस्तीर्ण प्रदेशाचे गाऱ्हाणे विधानसभेत मांडण्याची जबाबदारी अवघ्या नऊ आमदारांवर येते. त्यांच्या हाती नेमकी माहिती कोण देणार, हा म्हणूनच केवळ अभ्यासाचा विषय राहत नाही.

मजुरीचा हिशेब

या कथेची सुरुवात गडचिरोलीच्या बाहेर, वर्धा जिल्ह्यात झाली. रोजगार हमी योजनेचे जनक मानले जाणारे वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या समितीच्या शिफारशीवर आधारलेली किमान मजुरी दिवसाला चार रुपये होती. वयाच्या तिशीत असलेले डॉ. अभय बंग यांनी शेतमजुरांच्या प्रत्यक्ष गरजांचा अभ्यास करून समितीच्या हिशेबातील चुका दाखवून दिल्या आणि ही मजुरी बारा रुपये असायला हवी, असे मांडले. पुढे राज्य शासनाने किमान वेतनात वाढ केली. समितीच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. पागे यांची गांधीवादी निष्ठा सर्वश्रुत होती. वाद होता तो आकडेमोडीचा. हेतू चांगला असूनही गणित चुकले, तर लाखो मजुरांच्या ताटातली भाकर कमी होते, हे त्या वादातून दिसले.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८४ मध्ये परतलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. विषय महत्त्वाचा होता. पण तो संशोधकांनी निवडला होता, लोकांनी नव्हे. पुढचे विषय मात्र गावांतून आले. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. १९८९ च्या जानेवारीत हा निबंध ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, अशीच सरकारी योजनांची समजूत होती.

नोंदवहीत नसलेली बाळे

संशोधन आणि सभागृह यांचा खरा सामना झाला तो बालमृत्यूच्या प्रश्नावर.

आमदाराने तारांकित प्रश्न विचारला की त्याचे उत्तर संबंधित खाते तयार करते. ते खाते आपल्या जिल्हा कार्यालयाला विचारते, जिल्हा तालुक्याला, तालुका प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि केंद्र उपकेंद्राच्या नोंदवहीला. ज्या पाड्यावर बाळ घरीच जन्मले आणि चौथ्या दिवशी घरीच गेले, तेथील जन्म नोंदला गेला नाही आणि मृत्यूही नाही. अशा वेळी मंत्री सभागृहात जे सांगतात ते खोटे नसते. ते नोंदवहीइतकेच खरे असते. विरोधी सदस्याने कितीही आवाज चढवला तरी त्याच्या हातातही तीच नोंदवही असते. ही कोंडी फोडायची तर नोंदवहीच्या बाहेर, स्वतंत्रपणे केलेली मोजणी लागते.

‘सर्च’ने गडचिरोलीतील गावांत प्रत्येक जन्म व मृत्यूची अशी मोजणी उभी केली. १९९० मध्ये न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू गावपातळीवरील उपचाराने कमी करता येतात, हे दाखवणारा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यानंतर लक्ष नवजात बालकांकडे वळले. ३९ गावांत काम आणि ४७ गावांत तुलनेसाठी केवळ नोंदणी, अशी अभ्यासाची रचना होती. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, श्वास कोंडला असल्यास तो सुरू करणे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही त्यांची कामे होती. शेवटच्या कामावरून वैद्यकीय क्षेत्रात भुवया उंचावल्या. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई कशी द्यायची, हा आक्षेप होता. जिथे डॉक्टर पोहोचतच नाही तिथे बाळाला मरू द्यायचे काय, हा त्यावरचा प्रतिप्रश्न. उत्तर आकड्यांनी दिले. डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता.

तरीही ‘लॅन्सेट’मधील निबंध आमदार निवासात आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचला ‘कोवळी पानगळ’ या नावाने. राज्याच्या वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या गावांत आणि काही शहरी वस्त्यांत बालमृत्यूंची मोजणी केली व २००१ मध्ये या शीर्षकाचा मराठी अहवाल प्रसिद्ध झाला. राज्यात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा त्यातील अंदाज होता. सरकारी नोंदीत त्याचा फार थोडा भाग दिसत होता. वृत्तपत्रांनी विषय उचलला, विधिमंडळात तो गाजला. पुढे राज्य शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांच्याकडेच दिले. समितीचे अहवाल २००४ व २००५ मध्ये आले. ज्याने सरकारची मोजणी चुकीची ठरवली त्यालाच सरकारने मोजणी तपासायला बसवावे, ही गोष्ट आपल्याकडे नित्य घडत नाही. २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्याचे धोरण देशभर स्वीकारले. पहिल्या सहा आठवड्यांत ठरलेल्या दिवशी बाळाच्या घरी भेट देण्याची पद्धत त्यातूनच आली.

या प्रवासात इंग्रजी निबंध आणि मराठी अहवाल या दोन्हींची गरज पडली. पहिल्याने शास्त्रीय जगाची खात्री पटली, तर दुसऱ्यामुळे विषय आमदाराला भाषणात वापरता आला. केवळ निबंधांची संख्या मोजणाऱ्या आजच्या विद्यापीठीय व्यवस्थेत तरुण संशोधकाला या दुसऱ्या लेखनाचे काहीही श्रेय मिळत नाही, ही खेदाची बाब म्हणावी लागेल.

दारूचे आकडे, बांबूचे परवाने

दारूबंदीची कहाणी इतकी सरळ नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत झालेल्या पाहणीत, जिल्ह्यातील लोक दारूवर जितका पैसा खर्च करतात तो जिल्ह्याच्या वार्षिक विकास योजनेच्या रकमेहून अधिक असल्याचे दिसले. हा एक आकडा गावसभांत कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक बोलला. स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

शेजारच्या चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या नेतृत्वाखाली महिलांनी २०१० च्या हिवाळी अधिवेशनावर चिमूरहून नागपूरपर्यंत पदयात्रा नेली. त्यानंतर तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. १ एप्रिल २०१५ पासून बंदी अमलात आली. सहा वर्षांनी, माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीच्या अहवालानंतर, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू, वाढते गुन्हे, बुडालेला महसूल यांचे आकडे एका बाजूने पुढे आले. घरातली शांतता आणि वाचलेला पैसा यांचे दाखले दुसऱ्या बाजूने. दोन समित्या, दोन सरकारे आणि दोन निष्कर्ष. संशोधन लोकप्रतिनिधीच्या हाती पोहोचले म्हणजे निर्णय कायमचा ठरला, असे होत नाही. कोणता आकडा अधिक मोलाचा, हे ठरवण्याचा अधिकार लोकशाहीत निवडून आलेल्यांचाच असतो आणि सरकारे बदलतात.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने तिसरी वाट दाखवली. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहचर्याने या गावात अभ्यासगट चालत. कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचा, अशी ही पद्धत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले होते, तर १९२७ च्या भारतीय वन कायद्यात तो वृक्ष होता. गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळूनही बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखात्याकडेच होते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. येथे अभ्यासक आणि मंत्री यांच्यामध्ये गाव स्वतःच उभे होते.

इतरत्र काय आहे?

अमेरिकेत विज्ञान प्रसारक संस्थेने १९७३ मध्ये सात शास्त्रज्ञांना काँग्रेस सदस्यांच्या कार्यालयांत धाडून सुरू केलेली शिष्यवृत्ती पुढे खूप विस्तारली. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीने २००१ मध्ये शास्त्रज्ञ व खासदार यांच्या जोड्या लावण्यास सुरुवात केली. शास्त्रज्ञ आठवडाभर संसदेत वावरतो, खासदार त्याच्या प्रयोगशाळेला भेट देतो. भारतात ‘पीआरएस’ या संशोधन संस्थेचा २०१० पासूनचा ‘लॅम्प’ उपक्रम तरुण पदवीधरांना खासदारांचे साहाय्यक म्हणून नेमतो. तो मात्र केवळ शास्त्रज्ञांसाठी नाही. २०१२ च्या पंतप्रधान ग्रामविकास फेलो योजनेतून नक्षलग्रस्त जिल्ह्यांत तरुण नेमले गेले आणि राज्यातही २०१५ मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली. या दोन्ही योजनांनी तरुणांना जोडले ते प्रशासनाशी. आमदाराच्या टेबलापर्यंतचा रस्ता त्यातून तयार झाला नाही.

स्थानिक पातळीवर काही आधार आता आहेत. २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने तेथे विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र उभे राहिले. ‘सर्च’च्या ‘निर्माण’ उपक्रमातून २००६ पासून तरुण डॉक्टर व अभियंते या भागाशी जोडले जात आहेत.

विधिमंडळाच्या बाजूनेही दारे बंद नाहीत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा व अशासकीय विधेयक ही आयुधे प्रत्येक सदस्याकडे असतात. अनुसूचित जमाती कल्याण समितीसारख्या विधिमंडळ समित्या तर पक्षभेदापलीकडे जाऊन तपशिलात शिरू शकतात. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमानुसार राज्यपालांनी विधान परिषदेवर नियुक्त करावयाच्या सदस्यांच्या क्षेत्रांत साहित्य, कला, सहकार व समाजसेवा यांच्या जोडीला विज्ञानाचाही स्पष्ट उल्लेख आहे. ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा १२ जागा आहेत.

अडचण उरते ती वेळापत्रकाची. संशोधकाला एका प्रश्नाचे उत्तर शोधायला पाच वर्षे लागतात. नागपूरचे हिवाळी अधिवेशन बहुधा दोन आठवड्यांत आटोपते आणि प्रश्नांच्या सूचना त्याआधीच काही आठवडे द्याव्या लागतात. अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवनाच्या आवारात निवेदन घेऊन उभ्या राहणाऱ्या संशोधकाला आमदार भेटतात, ऐकूनही घेतात. पण त्या सत्राचे प्रश्न तोवर ठरून गेलेले असतात. हेच निवेदन पावसाळ्यात, आमदार मतदारसंघात असताना, मराठीत, एका पानावर आणि तालुकानिहाय आकड्यांसह दिले, तर डिसेंबरच्या प्रश्नोत्तरांच्या यादीत त्याला जागा मिळू शकते. गडचिरोलीहून मुंबई सुमारे हजार किलोमीटर आहे. नागपूर त्यामानाने चार-पाच तासांच्या वाटेवर.