'खासगी' : एका शब्दाची वाटचाल

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घराण्यांना 'खासगी' हा शब्द निराळ्या अर्थाने परिचित आहे. थोरल्या बाजीरावांनी १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली. दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा. गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि त्यांच्या दूरदूरच्या धर्मकार्यास तिचाच मोठा आधार झाला. राज्याचा हात जेथे थांबतो अशी ही एक रेषा होती. मात्र ती धनापुरती होती आणि राजघराण्यापुरतीच होती.

रयतेच्या वाट्याला अशी रेषा आली नाही. त्या काळी पत्र पोहोचविणाराही जासूद आणि बातमी काढणाराही जासूदच. तथापि पाहणारा शेवटी माणूस होता. त्याला मर्यादा होत्या आणि विस्मरणही होते. विस्मरण न होणारी नोंद इंग्रजी अमदानीत आली. १८५८ मध्ये बंगालातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारपत्रावर सहीसोबत हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे दप्तर उघडले. दरम्यान १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच संशयित ठरविल्या. त्यांची नावे नोंदली गेली, हजेरी घेतली जाऊ लागली. हा कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. नोंदवही कोणाच्या हाती आहे, यावर माणसाची अब्रू कशी अवलंबून असते, याचे याहून कठोर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतरही प्रश्न सुटला नाही. उत्तर प्रदेशातील खरकसिंग यांच्यावरील दरोड्याचा आरोप पुराव्याअभावी टिकला नाही. तरी पोलिसांनी त्यांच्या नावे पाळतीची नोंद ठेवली आणि अपरात्री दार ठोठावणे चालूच राहिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या. परंतु खासगीपण हा घटनेने दिलेला हक्क नव्हे, असेही बहुमताने म्हटले. न्या. सुब्बाराव यांचे मत मात्र भिन्न होते. १९७५ मध्ये मध्य प्रदेशातील गोविंद खटल्यात न्यायालय या हक्काकडे काहीसे झुकले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी कर्नाटकातील निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मूलभूत हक्क मानला. याच निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील १९७६ चा जबलपूर निकाल सदोष ठरविला. त्या निकालाच्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

ती याचिका आधारच्या संदर्भात होती. पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. २०१८ मध्ये न्यायालयाने आधार योजना कायम ठेवली. पण बँकेचे खाते व मोबाईल यांना त्याची सक्तीची जोडणी अमान्य केली. पुढे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीवाचून माहिती घेऊ नये, हे त्याचे सामान्य तत्त्व. परंतु सरकारला आपल्या यंत्रणांस त्यातून सूट देता येते. जेथे सत्ता सर्वाधिक, तेथेच बंधन सैल, ही उणीव आम्हांस गंभीर वाटते.

या विषयात आपणही अगदी निर्लेप नाही. जुनी दप्तरे सोडून मोडी पत्रे वाचणे हा आपला आवडता उद्योग. राजवाडे-पारसनिसांच्या पिढीने ती जमविली नसती तर आपला इतिहास मुका राहिला असता. तरी त्या रुमालांत कर्ज, आजारपण, सुनेचे दुःख असे कितीतरी असते, जे लिहिणाऱ्याने एकाच माणसासाठी लिहिले होते. त्यांची संमती आता विचारता येत नाही. म्हणून अशी पत्रे छापताना हात आखडता घ्यावा, असे आम्हांस वाटते. हयात माणसांची संमती मात्र विचारता येते. दुकानदार वा कार्यालय आपला क्रमांक मागेल तेव्हा 'कशासाठी?' एवढे विचारण्याची सवय घरातील वडीलधाऱ्यांनी आधी स्वतःस लावून घ्यावी व मग नातवंडांस लावावी.