नवी डिस्क, जुना लॅपटॉप आणि १३७ गीगाबाइटची भिंत

१/ साल २००६ च्या आसपासचे. चार-पाच वर्षे वापरलेल्या लॅपटॉपमध्ये १६० गीगाबाइटची नवी हार्ड डिस्क बसवली जाते आणि पडद्यावर दिसतात फक्त १३७. डिस्क निर्दोष असते, जोडणीही पक्की असते. मग उरलेले २३ गीगाबाइट गेले कुठे? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. #थ्रेड

२/ डिस्कवरील माहिती ५१२ बाइटच्या लहान कप्प्यांत साठवली जाई. या कप्प्याला सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरला पत्ता असतो आणि तो लिहिण्यासाठी ठरावीक जागा राखलेली असते. अर्जात घरक्रमांकासाठी तीनच चौकटी असतील, तर हजाराव्या घराची नोंद होणार कशी? डिस्कचेही तेच झाले.

३/ १९८३ मध्ये आयबीएमचा ‘पीसी एक्सटी’ १० मेगाबाइटच्या डिस्कसह बाजारात आला. संगणक सुरू होताच प्रथम जागा होणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे बायॉस. त्यात डिस्कच्या पत्त्यासाठी २४ बिट होते : सिलिंडरला १०, हेडला ८, सेक्टरला ६. कमाल मर्यादा सुमारे ८.४ गीगाबाइट. १० मेगाबाइटच्या काळात ही उधळपट्टीच वाटावी!

४/ पुढे आयडीई जोडणी आली. तिने पत्त्यासाठी २८ बिट दिले, पण वाटणी निराळी केली : सिलिंडरला १६, हेडला ४, सेक्टरला ८. तिची स्वतंत्र मर्यादा १३७ गीगाबाइट. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी ऐसपैस होत्या.

५/ मात्र दोघींना एकत्र नांदायचे, तर प्रत्येक रकान्यात लहान आकडाच मान्य करावा लागे. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. गुणाकार केला, की उरतात अवघे ५२८ मेगाबाइट! १९९० च्या दशकाच्या मध्यास असंख्य संगणक याच भिंतीवर आदळले.

६/ उपाय निघाले. बायॉसने आकड्यांचे भाषांतर करण्यास आरंभ केला. पुढे सिलिंडर-हेडचा हिशोबच सोडून सेक्टरांना शून्यापासून सलग क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. काही डिस्कवर तर एक इवलासा जम्पर असे. तो बसवला, की डिस्क स्वतःची क्षमता मुद्दाम कमी सांगे, म्हणजे जुना बायॉस गोठून पडत नसे.

७/ तरी क्रमांकाचे २८ बिट कायमच होते. २८ बिट म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर. त्यांना ५१२ ने गुणले, की १३७ गीगाबाइट. पहिल्या पोस्टमधील भिंत ती हीच.

८/ २००२ च्या एटीए-६ मानकाने पत्ता ४८ बिटांचा केला. विंडोज एक्सपी मात्र २००१ चे. त्याला हा बदल २००२ मध्ये आलेल्या पहिल्या सर्व्हिस पॅकमधून मिळाला. त्याआधीच्या लॅपटॉपमधील बायॉस तर अनेकदा जुनाच राहिला.

९/ खरा धोका पुढेच होता. बायॉस नवा आणि प्रणाली जुनी, असा मेळ पडला तर १३७ च्या पुढे लिहिताना पत्त्याचे वरचे अंक गळून पडण्याची भीती असे. मग ते लेखन डिस्कच्या आरंभी, म्हणजे जिथे साऱ्या डिस्कची अनुक्रमणिका असते, तिथे होई. महिनोन्‌महिने सुरळीत चाललेली डिस्क भरत आली, की एके दिवशी वर्षानुवर्षांची छायाचित्रे व कागदपत्रे नाहीशी!

१०/ ही कथा तिथे संपत नाही. १९८३ मध्येच डॉस २.० सोबत आलेल्या मास्टर बूट रेकॉर्ड या विभागणी-तक्त्यात पत्त्याला ३२ बिट आहेत. ५१२ बाइटच्या हिशोबाने मर्यादा सुमारे २.२ टेराबाइट. आज जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत ४ टेराबाइटच्या नव्या एसएसडीवर उतरवली, तर हा जुना तक्ताही सोबत येऊ शकतो आणि जवळपास निम्मी जागा निरुपयोगी राहते. त्यावर उतारा जीपीटी हा नवा तक्ता.

११/ म्हणून नवी डिस्क पूर्ण दिसत नसेल, तर ती परत करण्यापूर्वी क्रमाने तपासावे : बायॉसला किती क्षमता दिसते? प्रणालीला किती? विभागणीचा तक्ता कोणता? जिथे आकडा प्रथम घटतो, तिथे दोष. आणि हे करण्याआधी जुन्या डिस्कची प्रत सुरक्षित ठेवावी.

१२/ १९८३ चे अभियंते अदूरदर्शी नव्हते. मेमरीचा प्रत्येक बाइट तेव्हा महाग होता आणि त्यांनी गरजेच्या शेकडो पट जागा राखली होती. त्यांचे यंत्र कधीच भंगारात गेले. त्यांनी आखलेल्या चौकटी मात्र अजून वापरात आहेत. (समाप्त)