उज्जयिनी आणि माणसाची पारख

नोकरीस घ्यावयाच्या माणसाची माहिती काढणे ही काही आजच्या कारखानदारांची युक्ती नव्हे. कौटिल्याच्या नावावरील ‘अर्थशास्त्रा’त तिची रीत सांगितली आहे. उमेदवाराचा मूळ देश आप्तजनांकडून, विद्या त्याच विद्येच्या जाणकारांकडून आणि शील सहवासातील लोकांकडून जाणून घ्यावे.

पुढे अमात्यांसाठी ‘उपधा’, म्हणजे धर्म, अर्थ, काम व भय यांच्या गुप्त कसोट्या. द्रव्याला जो भुलला नाही त्याच्याकडे वसुली व कोठार. चारांतही जो अनुत्तीर्ण, त्याची रवानगी खाणींवर नाहीतर हत्तींच्या अरण्यात! (खाणीवरच्यांचे मत कोणी विचारलेले दिसत नाही.) तथापि त्याच प्रकरणात एक धास्तीही आहे. निर्मळ पाण्यात विष कालवावे तशी ही परीक्षा भल्या माणसालाच बिघडवील, आणि मग औषध सापडेलच असे नाही.

मौर्यकाळी उज्जयिनीस राजकुमार कारभार पाही. अशोकही राज्यावर येण्यापूर्वी तेथे होता, असे सिंहली परंपरा सांगते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात ओडिशातील धौली येथे त्याने कोरविलेल्या लेखात मात्र चौकशीचा रोख पालटतो. नगरातील न्यायाधिकारी कोणास विनाकारण बंदीत टाकीत वा छळीत नाहीत ना, हे पाहण्यास अशोक दर 5 वर्षांनी महामात्र धाडणार; उज्जयिनीच्या कुमाराने तर 3 वर्षांहून अधिक काळ लोटू द्यावयाचा नाही. येथे तपासणी उमेदवाराची नाही, अधिकारावर बसलेल्याची आहे. आणि ती ज्याच्यासाठी, तो विनाकारण कोंडला गेलेला साधा नगरवासी.