तात्या विंचू आणि हस्तर : दोन चित्रपट, दोन बाहुल्या आणि काही बदनाम देव

१/ मुंबईहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी महाडची औद्योगिक वसाहत डाव्या हाताला ठेवून पोलादपूर गाठतो. पुढे कशेडीचा घाट. आता घाटाला बोगद्याचा पर्यायही झाला आहे. रायगड जिल्हा संपतो, खेड तालुका सुरू होतो. याच तालुक्यात जगबुडीच्या काठी तुंबाड नावाचे खरेखुरे गाव आहे. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ सालच्या द्विखंडी कादंबरीने ते मराठी वाचकाला परिचित करून दिले आणि २०१८ च्या ‘तुंबाड’ या भयपटाने ते देशभर पोहोचवले. चित्रपटाने कादंबरीतून केवळ नाव उचलले, कथानक नव्हे. पडद्यावरील वाडाही तुंबाडात नाही. तो सासवडचा आहे.

२/ या भयपटाशेजारी ठेवायचा दुसरा चित्रपट म्हणजे महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३). घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहिलेला अद्भुतपट. लहान मुले घाबरली, पण हसतहसत घाबरली. एकीकडे लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल, दुसरीकडे राही अनिल बर्वे यांचा न थांबणारा पाऊस. वरवर पाहता या दोहोंत साम्य शोधणे हा उपद्व्यापच वाटेल.

३/ तरीही साम्ये आहेत, आणि ती दोन्ही कथांच्या मुळाशी आहेत. दोन्हींचा कणा एक बाहुली आहे. दोन्हींत उच्चारलेल्या शब्दाने देह हलतात किंवा निजतात. दोन्हींत अमरत्व मिळते आणि ते तुरुंग ठरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही कथा अमेरिकेतून मराठी मातीत आल्या, आणि येताना प्रत्येकीने एकेका सज्जन देवाची बदनामी सोबत आणली.

४/ प्रथम ‘झपाटलेला’. तात्या विंचू (दिलीप प्रभावळकर) हा गुंड बाबा चमत्कार यांच्याकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसाच्या गोळीने मरताना तो आपला आत्मा शेजारच्या बाहुल्यात सोडतो. तो बाहुला श्रीरंगपूरच्या लक्ष्याकडे येतो. बाहुल्यातून सुटका हवी, तर तात्याने आपले रहस्य ज्याला प्रथम सांगितले त्याच्याच देहात शिरले पाहिजे. तो अभागी म्हणजे लक्ष्या.

५/ हे सर्व टॉम हॉलंड दिग्दर्शित ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन भयपटात आहे. तेथे शिकागोचा खुनी चार्ल्स ली रे आहे, खेळण्यांच्या दुकानातला बाहुला आहे, प्रथम रहस्य ऐकणाऱ्याच्या देहाची अटही आहे. फक्त तेथे ते रहस्य ऐकणारा सहा वर्षांचा मुलगा अँडी आहे. ‘नक्कल’ असा शिक्का मारून येथे थांबता येते. अनेक जण तेथेच थांबतात, आणि त्यामुळे कोठारे यांनी काय बदलले हे पाहायचे राहून जाते.

६/ शिकागोतील बाहुला बाजारातून घरात येतो. दूरचित्रवाणीवर जाहिरात होणारे, प्रत्येक मुलाला हवेसे वाटणारे, कारखान्यात हजारोंनी घडलेले ते खेळणे आहे. त्या चित्रपटाची भीती ही बाजाराची भीती आहे : एकट्या कमावत्या आईने मुलासाठी घेतलेली वस्तूच मुलावर उलटते. १९९३ च्या श्रीरंगपुरात ही भीती रुजणे शक्य नव्हते. म्हणून कोठारे यांनी लक्ष्याला शब्दभ्रमकार केले. येथे बाहुला ही कलेची वस्तू झाली.

७/ या निवडीमागे मोठी परंपरा उभी होती. यशवंत केशव पाध्ये यांनी १९१६ साली ‘अर्धवटराव’ हा बोलका बाहुला महाराष्ट्रापुढे आणला. पुढे रामदास पाध्ये यांनी तो दूरदर्शनवरून घरोघर नेला. तात्या विंचूचा बाहुला घडवला आणि चालवला तोही रामदास पाध्ये यांनीच. म्हणजे बोलणारा बाहुला मराठी प्रेक्षकाच्या घरी पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ पाहुणा म्हणून येत होता. तो आगाऊ होता, उलट बोलत असे, पण आपला होता. शब्दभ्रमाच्या प्रत्येक खेळात दडलेली एक शंका मात्र कायम होती : बाहुला खरोखरच स्वतःहून बोलू लागला तर? ‘झपाटलेला’ने तीच शंका पडद्यावर खरी केली. एकत्र बसून हसण्याची सोय अर्धवटरावांनी आधीच करून ठेवली होती.

८/ आता मंत्र. शिकागोचा खुनी मरताना ‘दांबाला’ या देवाला हाक मारतो. ही हाक कोणाची आहे, हे समजून घेण्यासाठी हैतीच्या इतिहासात शिरावे लागते.

९/ पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी राज्यातून (आजचा बेनिन) गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आपले देवही सोबत नेले. त्यांतील नागदेव म्हणजे दांबाला. हैतीच्या वोडू धर्मात तो शुभ्र सर्प आहे. सृष्टीच्या आरंभाशी, जलाशी, शांतीशी जोडलेला. त्याला पांढरे पदार्थ आणि अंडे अर्पण करतात. इंद्रधनुष्य ही त्याची सहचारिणी. कोकणात वारुळापाशी दूध ठेवणाऱ्या माणसाला हा देव परका वाटण्याचे कारण नाही.

१०/ मग तो खुन्याच्या तोंडी कसा आला? १७९१ साली हैतीतील गुलामांनी उठाव केला, त्याच्या आरंभी झालेल्या वोडू विधीची आठवण तेथे आजही जपली जाते. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाले. गुलामांनी मालकांना हरवल्याची जखम युरोप-अमेरिकेच्या मनातून लवकर गेली नाही. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेच्या फौजा हैतीत तळ ठोकून होत्या. त्याच काळात, १९३२ साली, ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट आला. जिंकलेल्या लोकांचा धर्म हा काळ्या जादूचा धंदा ठरवला, की जिंकणे हे परोपकाराचे काम ठरते. टाचण्या टोचलेली ‘वूडू बाहुली’ हीदेखील त्याच बदनामीची खूण. बाहुलीला टाचण्या टोचण्याची चाल युरोपीय चेटकात जुनी आहे; हैतीच्या माथी ती नंतर मारली गेली.

११/ मराठीत येताना दांबाला गळाला आणि त्या जागी मृत्युंजय मंत्र आला. महामृत्युंजय म्हणून ओळखला जाणारा मूळ मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील त्र्यंबकाची प्रार्थना आहे. मृत्यूपासून सुटका मागणारी ती विनवणी, पण दुसऱ्याचा देह बळकावण्याची विद्या नव्हे. ‘ओम फट स्वाहा’ या आरोळीतले तिन्ही शब्द स्वतंत्रपणे विधीतले आहेत : ‘फट्’ तंत्रातील अस्त्रमंत्रांत येतो, ‘स्वाहा’ आहुतीच्या वेळी. कोठारे यांनी त्यांची अशी मोळी बांधली की शाळेच्या मैदानावर पोरे ती एकमेकांवर फेकू लागली. हैतीच्या देवाची बदनामी सत्तेने केली होती; येथे घरच्यांनीच घरच्या मंत्राची थट्टा केली. थट्टा करण्याचा अधिकार घरच्यांना असतो, आणि म्हणून ती कोणाला बोचली नाही.

१२/ तात्याच्या साथीदाराचे नावही पाहण्यासारखे आहे : कुबड्या खवीस. ‘खवीस’ हा शब्द अरबी ‘खबीस’ म्हणजे दुष्ट, अपवित्र यावरून आला आणि कोकणच्या भुतावळीत मुंजा, हडळ, गिऱ्हा यांच्या पंक्तीला बसला. परदेशी भुताला मराठी घरात जागा देण्याची रीत कोठारे यांच्या कितीतरी आधीची आहे.

१३/ आता ‘तुंबाड’. १९९३ सालीच, म्हणजे ‘झपाटलेला’ आला त्याच वर्षी, राही अनिल बर्वे यांना एका मित्राने नारायण धारप यांची एक भयकथा सांगितली. ती कथा त्यांच्या मनातून गेली नाही. १९९७ मध्ये त्यांनी पहिला खर्डा लिहिला आणि चित्रपट प्रदर्शित झाला तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. एका कथेने पंचवीस वर्षे मानगुटीवर बसणे हीसुद्धा झपाटण्याचीच एक तऱ्हा.

१४/ धारप (१९२५–२००८) हे मराठी भयकथेचे मोठे नाव. परदेशी भयकथा मराठी वाड्यात, मराठी नातेसंबंधांत बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. ‘लुचाई’ हे स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’चे मराठी रूप, आणि ‘आजी’ ही कथाही किंग यांच्याच ‘ग्रामा’ या १९८४ च्या कथेवरून सुचलेली. म्हणजे ‘तुंबाड’चे आजोळही अमेरिकेतच निघाले.

१५/ ‘ग्रामा’मध्ये मोठ्या भावाला दुखापत होते, आई त्याच्याकडे धावते, आणि धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या भयंकर आजीपाशी एकटा उरतो. ‘तुंबाड’चा १९१८ मधला पहिला भाग आठवावा : सदाशिव पडतो, आई त्याला घेऊन निघते, विनायक साखळदंडातील आजीपाशी एकटा. आजीला निजवण्याचा उपाय एकच, एका देवाचे नाव घ्यायचे. किंग यांच्या कथेत ते नाव ‘हस्तुर’ आहे.

१६/ चित्रपटात हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र आहे. सोने त्याला मिळते, पण अन्नाकडे हात नेताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला गर्भात लपवून वाचवते. अट एवढीच, की त्याची पूजा कधी होणार नाही. ही कथा इतकी जुन्या वळणाची आहे की अनेक तरुण प्रेक्षक हस्तर कोणत्या पुराणात आहे याचा शोध घेत बसतात. तो कोणत्याही पुराणात नाही.

१७/ तो सापडतो अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या एका बोधकथेत. तेथे हस्तुर हा मेंढपाळांचा देव आहे, कनवाळू आणि भोळ्या भक्ताची हाक ऐकणारा. पुढे रॉबर्ट चेंबर्स यांनी १८९५ मध्ये ते नाव आपल्या गूढकथांत उसने घेतले, लव्हक्राफ्ट यांनी त्याचा ओझरता उल्लेख केला आणि ऑगस्ट डर्लेथ यांनी त्याला सरळ राक्षसी शक्ती करून टाकले. मेंढपाळांचा हा देव किंग, धारप, बर्वे असा प्रवास करत कोकणच्या वाड्याखालील गर्भात येऊन बसला. दांबालामागे साम्राज्य होते. हस्तुरच्या मागे केवळ लेखकांची उसनवारी. पण दोघांची गत एकच झाली.

१८/ बाहुलीचा धागा येथे पुन्हा हाती येतो. हस्तरला भुलवण्यासाठी विनायक कणकेची बाहुली घेऊन गर्भात उतरतो. भुकेला देव पिठावर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटातील मोहरा पाडायच्या. पिठाची आकृती देवापुढे ठेवणे हे या भूमीला नवे नाही. यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू, म्हणजे पिष्टपशू, अर्पण करावा असा आग्रह मध्वसंप्रदायाने धरला. त्यामागे हिंसा टाळण्याची बुद्धी होती. विनायकाची बाहुली मात्र फसवणुकीसाठी आहे, आणि लोभ वाढून अनेक बाहुल्या नेल्या की हस्तरही तितकेच होतात. तात्याच्या बाहुल्यात माणूस अडकतो, विनायकाच्या बाहुलीने देव अडकवायचा असतो. दोन्ही वेळा बाहुली मालकाच्या हाताबाहेर जाते.

१९/ अमरत्वाचेही तसेच. मृत्यू जिंकून तात्याच्या पदरी काय पडले, तर हातभर उंचीचा लाकडी देह. हस्तरच्या स्पर्शाने आजी अमर झाली. वर्षांनी विनायक परततो तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते आणि ती जिवंतच असते. पहिल्या दृश्यावर प्रेक्षागृह हसते, दुसऱ्यावर गप्प होते. कल्पना मात्र एकच. योगायोग असा, की त्या आजीचे रूप घेऊन पडद्यावर वावरला तो विनायकाच्या मुलाची, पांडुरंगाची, भूमिका करणारा बालकलाकार मोहम्मद समद.

२०/ फरक काळाच्या जाणिवेत आहे. श्रीरंगपूरला साल नाही. ‘तुंबाड’चे तीन भाग मात्र १९१८, १९३३ आणि १९४७ अशी सालेच मिरवतात. १९३३ मध्ये पडद्यावर विनायक मोहरा मोजत असताना प्रत्यक्षात कुलाबा जिल्ह्यातील (आजचा रायगड) चरी येथे कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला होता, जो १९३९ पर्यंत चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. चित्रपटात याचा उल्लेख नाही. सोने खणून काढणारा दिसतो. भात पिकवून खोताकडे पोहोचवणारा कोठेच दिसत नाही. अन्नाला वंचित झालेल्या देवाची कथा सांगणाऱ्या चित्रपटात ही उणीव ठळक आहे.

२१/ एक बाब शेवटी राहते. किंग यांच्या कथेत आजी मरते आणि नातवाच्या देहात शिरते. चकी आणि तात्या यांना जे साधायचे होते ते त्या आजीला साधते. बर्वे यांनी हे देहांतर गाळले. त्या जागी बाप आणि मुलगा आले : विनायक पांडुरंगाला गर्भात उतरण्याची विद्या शिकवतो, आणि मुलगा बापाहून हावरा निघतो. मंत्र नाही, वीज नाही, आत्म्याची उडी नाही, तरी बाप मुलाच्या देहात शिरलेला असतो. अखेरीस हस्तरच्या स्पर्शाने विद्रूप झालेला विनायक लंगोटच मुलापुढे धरतो. पांडुरंग तो घेत नाही. बापाला अग्नी देतो.

२२/ लक्ष्याची सुटका गोळीने होते, पांडुरंगाची नकाराने. १३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. तिकडे हैतीत २००३ सालीच सरकारने वोडूला अधिकृत धर्म म्हणून मान्यता दिली होती. चकी मात्र २०२१ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतही दांबालाच्याच नावाने हाका मारत राहिला.