फान नोली आणि अल्बेनियाची मान्यता

फान स्टिलियान नोली यांचा जन्म १८८२ साली ऑटोमन साम्राज्यातील पूर्व थ्रेसमध्ये, इब्रिक तेपे या अल्बेनियन वस्तीच्या गावी झाला. अथेन्स आणि इजिप्तमध्ये काही वर्षे काढून १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथल्या स्थलांतरित अल्बेनियन मजुरांमध्येच त्यांचे राजकारण घडले. १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हडसन गावात एका अल्बेनियन तरुणाचा अंत्यविधी करायला ग्रीक धर्मगुरूने नकार दिला, कारण तो तरुण राष्ट्रवादी होता. त्यातून स्वतंत्र अल्बेनियन चर्चची मागणी उठली. १९०८ मध्ये नोलींनी धर्मदीक्षा घेतली आणि बोस्टनमध्ये अल्बेनियन भाषेत उपासना सुरू केली. १९१२ मध्ये त्यांनी हार्वर्डची पदवी मिळवली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये ‘वात्रा’ ही संघटना उभी राहिली. मायदेशाच्या चळवळीला पैसा आणि माणसे पुरवणारी ही संघटना नोलींच्या नेतृत्वाचा पाया ठरली.

अल्बेनियाचे स्वातंत्र्य १९१२ मध्ये घोषित झाले होते, पण ते कागदावरच राहण्याचा धोका होता. १९१५ च्या लंडनच्या गुप्त तहात दोस्तराष्ट्रांनी या भूमीच्या वाटण्या आखून ठेवल्या होत्या. १९२० मध्ये अल्बेनियाने राष्ट्रसंघाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला, तेव्हा शिष्टमंडळाचे प्रमुख नोली होते. सीमा निश्चित नाहीत, सरकारला मान्यता नाही, असे आक्षेप आले. दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांनी मात्र बाजू उचलून धरली आणि १७ डिसेंबर १९२० रोजी प्रवेश मिळाला. वाटणीच्या टेबलावरचा हा प्रदेश आता सभागृहात बरोबरीने बसू लागला. नोलींच्या कारकिर्दीतले सर्वांत टिकाऊ काम हेच.

१९२१ मध्ये ते संसदेत गेले आणि वर्षअखेर स्थापन झालेल्या झाफर युपी यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाले. हे पद त्यांच्याकडे थोडाच काळ राहिले. त्याच मंत्रिमंडळात अहमद झोगू गृहमंत्री होते. उत्तरेतील माती खोऱ्याचे हे तरुण सरदार, तर नोली अमेरिकेतून आलेले सुधारक. एकाची भिस्त टोळ्यांवर आणि बंदुकीवर, दुसऱ्याची वक्तृत्वावर. हे जमणे कठीणच होते. नोली लवकरच झोगूंच्या विरोधकांचे पुढारी झाले. १९२३ मध्ये कोर्चा येथे ते बिशपही झाले.

एप्रिल १९२४ मध्ये लोकप्रिय नेते अवनी रुस्तेमी यांची तिरानामध्ये हत्या झाली. व्लोरा येथील अंत्ययात्रेत नोलींनी केलेल्या भाषणाने असंतोषाला तोंड फुटले. जूनमध्ये उठावकऱ्यांनी राजधानी घेतली, झोगू युगोस्लाव्हियात पळाले आणि नोली पंतप्रधान झाले.

त्यांच्या वीस कलमी कार्यक्रमात सरंजामशाहीचे उच्चाटन आणि शेतकऱ्यांचा उद्धार ही मोठी आश्वासने होती. जमीन मात्र वाटली गेली नाही. बे म्हणवणारे जमीनदार घोषणेनेच बिथरले आणि शेतकऱ्यांच्या हाती काही आले नाही, त्यामुळे सरकारसाठी लढायला कोणी उरले नाही. निवडणूकही लांबणीवर पडली. परदेशांतून मान्यता न मिळण्यामागे, उठावातून आलेले हे सरकार जनतेचा कौल दाखवू शकत नव्हते, हेही कारण होते. सप्टेंबरमध्ये नोलींनी जिनिव्हात राष्ट्रसंघासमोर देशासाठी कर्ज मागितले. भाषण गाजले, कर्ज मिळाले नाही. सोव्हिएत संघाशी संबंध जोडण्याच्या प्रयत्नाने ब्रिटन आणि शेजारी देशांचा संशय वाढला. चार वर्षांपूर्वी देशाला मान्यता मिळवून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या सरकारसाठी ती मिळवता आली नाही.

डिसेंबर १९२४ मध्ये युगोस्लाव्हियाची मदत आणि रशियातून परागंदा झालेले श्वेत सैनिक घेऊन झोगू परतले. नोली इटलीला निघून गेले. १९२५ मध्ये झोगू राष्ट्राध्यक्ष झाले, १९२८ मध्ये राजे. नोलींनी युरोपातील निर्वासितांची ‘कोनारे’ ही समिती चालवली, पण तिचा जोर ओसरत गेला आणि १९३२ मध्ये ते अमेरिकेत परतले.

पुढे त्यांनी चर्चची धुरा वाहिली, अल्बेनियाचा राष्ट्रनायक स्कंदरबेग याच्यावर संशोधन केले, बीथोव्हनवर पुस्तक लिहिले. शेक्सपिअर आणि उमर खय्याम त्यांनी त्याआधीच अल्बेनियन भाषेत आणले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्बेनियात आलेल्या एन्व्हर होजा यांच्या कम्युनिस्ट सरकारला अमेरिकेने मान्यता द्यावी, असा आग्रह त्यांनी धरला, तो फळाला आला नाही. १३ मार्च १९६५ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. अमेरिका आणि अल्बेनिया यांचे राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते १९९१ मध्ये.