गळतंय कुठं?

गेले तीन वीकएंड ब्लॉगकडे फिरकलो नाही. कारण आमचा गळका फ्रिज. म्हणजे फ्रिज मुकुटबनला आणि मी पुण्यात, पण त्यानं डोक्यात असं काही घर केलं की ऑफिसात बिल्ड चालू असताना मी १९२०च्या दशकातल्या फ्रिजबद्दल वाचत बसलो होतो. आता लिहून मोकळा होतो.

मुकुटबन कुठं असं विचारणाऱ्यांसाठी: यवतमाळ जिल्हा, झरी-जामणी तालुका, माजरी-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं गाव. पलीकडे लगेच तेलंगणा. कोळसा आहे, सिमेंट आहे, आणि एप्रिल-मे मध्ये पंचेचाळीसच्या पुढचं ऊन आहे. अशा गावात फ्रिज ही चैन नसते हो. मी प्राथमिक शाळेत असताना आमच्याकडे पहिला फ्रिज आला तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. लोडशेडिंगच्या दिवसांत तो निम्मा वेळ नुसतं कपाटच असायचा, ते सोडा.

तर झालं असं की पाच-सहा वर्षांत त्याचं थंड करणं कमी झालं. मेकॅनिकभाऊ आले, मागे कान लावला, म्हणाले, "गॅस संपला जी." गॅस भरला. पुढच्या एप्रिलला पुन्हा "गॅस संपला जी." त्याच्या पुढच्या एप्रिलला पुन्हा. अशी पाच वर्षं. बाबा पैसे द्यायचे आणि आम्ही सगळे समजत होतो की मोटारसायकलचं पेट्रोल संपतं तसा फ्रिजचा गॅसही वापरून संपत असणार.

गॅस संपत नसतो. तो बंद नळीत गोल गोल फिरतो, बास. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळालाय, दुसरं कारणच नाही. ही गोष्ट मी इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी परीक्षेत लिहून मार्क मिळवले, आणि सुट्टीत घरी येऊन बाबांना मुकाट्यानं गॅसचे पैसे देताना पाहिलं. दोन्हींचा संबंध जोडायचं काही सुचलं नाही.

गळती शोधली ती माझ्या दहावीच्या बेंचवरच्या मित्रानं. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा तो आयटीआयला गेला, रेफ्रिजरेशनचा ट्रेड घेऊन. सुट्टीत घरी आला, फ्रिजकडे पाहून म्हणाला, "काका, गॅस भरून काही फायदा नाई. गळून कुठून राह्यलं थे पाहा लागते." त्यानं नळीत नायट्रोजनचा दाब भरला, प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला आणि बसून राहिला. पंधरा-वीस मिनिटांनी मागच्या काळ्या जाळीची नळी जिथं फिल्टरला मिळते तिथं एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. मग फुटला, मग दुसरा आला. पाच वर्षांचे पैसे त्या मोहरीतून गेले होते.

आता यातली गंमत ऐका. फिल्टर तांब्याचा, पण मागची जाळी लोखंडी नळीची असते, वरून काळा रंग. तांब्याला तांबं जोडायचं तर फॉस्फरस असलेली तांब्याची काडी चालते. साधारण ७१० अंशांना ती वितळू लागते, तांब्याला १०८५ लागतात, म्हणून नळी शाबूत राहते आणि काडी पाण्यासारखी होऊन फटीत शिरते. वरून पावडरही लागत नाही, कारण त्यातला फॉस्फरसच तांब्यावरची काजळी साफ करतो. स्वस्त आणि मस्त. पण हीच काडी लोखंडावर लावली की फॉस्फरस आणि लोखंड मिळून एक ठिसूळ पापुद्रा बनवतात. जोड दिसायला सुंदर दिसतो, त्या दिवशी गळतही नाही. मग कॉम्प्रेसर थरथरतो, नळी गरम-गार होते, आणि काही महिन्यांत केसाएवढी भेग. तिथं चांदी असलेली काडी आणि फ्लक्सची पावडर लागते. ती महाग. आमच्याकडे पाच वर्षं कोणीतरी स्वस्त काडीवर भागवलं होतं, म्हणजे दरवेळी भेगेवर वरून आणखी एक थर.

मित्रानं सगळा जोड कापून काढला, घासला, चांदीच्या काडीनं नवा केला. मी बघत होतो. तो ज्योत काडीवर धरतच नव्हता! नळीवर धरत होता. "नळी तापली पायजे बे, काडी तिच्याच गरमीनं वितळते. काडीवर मारलं तं वरच्यावर गोळा होते." मला वर्कशॉपची लॅब आठवली. ब्रेझिंगचा एक जॉब आम्हालाही होता. मी तो सिनिअरचा जुना जॉब घासून पुसून सबमिट केला होता. (सर वाचत असतील तर माफी.)

यानंतर खूप वर्षांनी, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी कसबा पेठेत तांबट आळीत गेलो होतो. आईला तांब्याचा हंडा हवा होता. पेशवाईपासून इथं तांबट आहेत. गल्लीत शिरायच्या आधीच ठोके ऐकू येतात, मठारकाम चालू असतं. एका कारागिराजवळ जुना बंब दुरुस्तीला आला होता. ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी: पाण्याचं तांब्याचं पिंप, मधून निखाऱ्यांची नळी, एका बाजूनं आग आणि दुसऱ्या बाजूनं पाणी. तिथं कथलाचा डाख दिला तर जरा पाणी आटलं की वितळून जाईल. म्हणून तिथं झाळ लागते. बोलताना आपण डाख आणि झाळ दोन्ही एकमेकांत मिसळतो, पण फरक खरा आहे: कमी तापमानाला कथलानं जोडायचं ते सोल्डरिंग, साडेचारशे अंशांच्या वर पितळ किंवा चांदीच्या मिश्रणानं जोडायचं ते ब्रेझिंग. जुन्या घागरींची शिवण बघा, पत्र्याच्या कडांना दातरे कापून एकमेकांत अडकवलेले असतात, त्यावर जास्त जस्ताच्या पितळेचा चुरा आणि टाकणखार घालून भट्टीत धरायचं, मग ठोकून सपाट करायचं.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. संस्कृतात टंकण. तिबेटातल्या तलावांकाठून तो हिमालय ओलांडून खाली यायचा, आणि सोनारांच्या फुंकणीपासून तांबटाच्या भट्टीपर्यंत सगळीकडे तेच काम करायचा: तापलेल्या धातूवरची काजळी विरघळवून स्वच्छ अंग उघडं करणं. मित्राच्या डबीतल्या फ्लक्सनंही तेच केलं होतं. म्हणजे मुकुटबनला आमच्या स्वयंपाकघरात झालं ते कसबा पेठेत आधीपासून चालू होतं, फक्त नळीत पाण्याऐवजी गॅस होता.

आणि इथूनच माझं वाचन सुरू झालं. नळीत काय आहे त्यावर जोडाची किंमत ठरते, असं मला दिसायला लागलं.

बंब गळला तर जमीन ओली होते. विषय संपला. बर्फाचं तर तेवढंही नव्हतं, १८३३मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला तळ्याचा बर्फ जहाजानं आला आणि पुढे मुंबईतही येऊ लागला, तो गळणारच असं धरूनच भरायचे. १८३४मध्ये जेकब पर्किन्सनं लंडनमध्ये बंद नळीत द्रव फिरवून थंडी बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि तिथून प्रत्येक जोड हा प्रश्न झाला. त्याचा द्रव ईथर, म्हणजे पेट घेणारा. १८७०च्या दशकात लिंडेनं अमोनिया आणला. अमोनिया तांब्या-पितळेला खातो, त्यामुळे बर्फाच्या कारखान्यांत लोखंडी नळ्या. (थोडं अवांतर: ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली असायची. मुतातला अमोनिया! याचा नीट उलगडा १९२१मध्ये झाला.)

मग फ्रिज घरात आला आणि गोष्ट भयंकर झाली. १९२०च्या दशकातल्या घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू असायचे. बर्लिनमध्ये फ्रिजच्या सीलमधून गळलेल्या वायूनं एक कुटुंब झोपेत मेलं, मुलांसकट. ती बातमी आइनस्टाइननं वाचली. हो, तोच आइनस्टाइन. तो आणि लिओ झिलार्ड म्हणाले, हलणारे भाग आणि त्यांची सीलंच नकोत, आणि १९२६पासून पुढची काही वर्षं दोघांनी मिळून फ्रिजवर काम केलं. वेगवेगळ्या देशांत मिळून पंचेचाळीस पेटंटं. त्यांच्या डिझाइनमध्ये द्रव धातू चुंबकानं ढकलणारा पंप होता. बाजारात तो फ्रिज आलाच नाही, पण तसले पंप पुढे अणुभट्ट्यांत सोडियम फिरवायला कामाला आले.

बाजारात न येण्याचं एक मोठं कारण थॉमस मिजली. १९२८मध्ये त्याच्या टीमनं सीएफसी शोधले, आणि १९३०मध्ये त्यानं केमिस्टांच्या सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर सोडून ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही. झालं. तांब्याच्या नळ्या निर्धास्त वापरता आल्या, फ्रिज स्वयंपाकघरात आला, आणि माझ्या मते त्याच दिवशी जोडाचा भाव पडला. गळला तर गळू दे, कोणी मरत नाही, पुन्हा भरू. आमच्या मेकॅनिकभाऊंना मी आता दोष देत नाही. "गॅस भरणं" हा धंदा मिजलीच्या त्या फुंकरीतून जन्माला आला.

आपल्याकडे हा उद्योग मुंबईत वाढला. ब्लू स्टार १९४३ची, मोहन अडवाणींनी सुरुवात केली तीच जुने फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यापासून! १९५४मध्ये व्होल्टास, १९५८मध्ये गोदरेजचा फ्रिज. कारखान्यातले जोड कारखान्यात झाले, पण पुढचे सगळे जोड वणीसारख्या गावातल्या एका खोलीच्या दुकानात, उस्तादाच्या हाताखाली बघून बघून शिकलेल्या पोरांनी केले. उस्तादाकडे जी काडी तीच पोराकडे.

१९७४मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितलं की हा निरुपद्रवी वायू वर जाऊन ओझोन खातो. १९८५ला अंटार्क्टिकावरचं भोक जाहीर झालं, १९८७ला माँट्रियल करार, १९९२ला भारत त्यात गेला, आणि १ जानेवारी २०१०पासून आपल्याकडे सीएफसी बंद. नवा वायू आला आर-१३४ए. ओझोनला तो काही करत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशेपट. आमचा फ्रिज याच वायूचा. एका वेळी शंभर-सव्वाशे ग्रॅम धरा. पाच वेळा गळाला म्हणजे पाऊण टन कार्बन डायऑक्साइड. सव्वातीनशे लिटर पेट्रोल जाळल्याएवढं. बाबांची स्प्लेंडर तेवढ्यात सोळा हजार किलोमीटर गेली असती. मोहरीएवढ्या बुडबुड्यातून.

नव्या वायूसोबत तेलही बदललं. हे तेल नळीच्या आतली घाण धुऊन काढतं, आणि तांबं हवेत तापवलं की आत काळे पापुद्रे धरतात. जुन्या तेलात ते बहुतेक चिकटून राहायचे, नव्यात सुटून कॅपिलरीत जाऊन अडकतात, आणि कॅपिलरीचं भोक जेमतेम मिलिमीटरभर. म्हणून झाळताना नळीतून हळू नायट्रोजन सोडत राहायचं, आतली हवा हाकलायची. ओझोनच्या निमित्तानं सरकारी पैशानं मेकॅनिकांची शिबिरं झाली, त्यांत हेच शिकवलं. मित्राला आयटीआयत शिकवलं. आमच्या मेकॅनिकभाऊंपर्यंत ते शिबिर आलं नाही. मी त्यांना एकदा नायट्रोजनचं विचारलं तर म्हणाले, "थो टायरात भरतेत नं, पेट्रोल पंपावर?"

मित्राचा जोड नऊ वर्षं टिकला. मागच्या दिवाळीत दाराचं रबर आणि थर्मोस्टॅट दोन्ही गेलं तेव्हा आईनं नवा फ्रिज घेतला. मागे पिवळं चित्र, ज्योतीचं. आत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, लायटरमधल्या गॅसचा भाऊ. पन्नासेक ग्रॅमच असतो, वातावरणाला जवळपास काही करत नाही, पण पेटतो. पर्किन्सच्या ईथरपाशी परत.

मित्र बघायला आला होता. मी म्हटलं, हा गळला तर तू आहेसच. तो म्हणाला, "ह्याच्यापाशी टॉर्च नाई पेटवत मी. आता चिमट्यानं दाबून बसवायचे जोड येतेत, रिंगवाले. आग नाई, काडी नाई." मग जुना फ्रिज त्यानं टेम्पोत घालून दुकानात नेला, नवं रबर लावलं, आणि त्यात गिऱ्हाइकांसाठी पाण्याच्या बाटल्या ठेवतो. कापून काढलेला तो जुना जोड त्याच्याकडे अजून होता, खिळ्यांच्या डबीत. मागून घेतला. उभा कापून भिंगाखाली बघितला तर फॉस्फरसच्या काडीचे पाच थर मोजता येतात, खोडाच्या कड्यांसारखे, आणि पाचांनाही आरपार एकच भेग.