वेक्टर सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरांना सावली कशी द्यायची?

वाढदिवसाच्या शुभेच्छा, गणपतीचं निमंत्रण किंवा दुकानाच्या सेलची जाहिरात. फोटोवर मजकूर टाकला की अनेकदा तो फोटोतच हरवतो. पांढरी अक्षरं ढगांवर दिसत नाहीत, काळी अक्षरं झाडीत दिसत नाहीत. मागे सावली दिली की अक्षरं उठून दिसतात. इंकस्केप, कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर अशा वेक्टर सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. यातलं इंकस्केप मोफत आहे, म्हणून इथे त्याच्या पायऱ्या दिल्या आहेत.

सावली किती प्रकारची?

फोटो ठिपक्यांचा बनतो, तर वेक्टर चित्र रेषा आणि वळणांचं. त्यामुळे ते कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत.

सावलीचे मुख्य प्रकार दोन. ठळक सावली म्हणजे त्याच अक्षरांची गडद रंगातली, थोडी सरकवलेली प्रत. ती पूर्णपणे वेक्टर राहते. दुसरी मऊ सावली, जिच्या कडा धूसर असतात. छपाईसाठी फाइल तयार होताना या धूसर भागाचे बहुतेक वेळा ठिपकेच होतात.

ठळक सावली कशी द्यायची?

1. मजकूर टाइप करून निवडा आणि कंट्रोल + डी दाबा. बरोबर वर दुसरी प्रत येते.
2. या प्रतीला गडद रंग द्या आणि बाणांच्या कळांनी ती थोडी उजवीकडे, थोडी खाली सरकवा.
3. पेज डाउन दाबा. प्रत मूळ अक्षरांच्या मागे जाते. एंड दाबू नका, नाहीतर ती बॅकग्राउंडच्याही मागे जाऊन दिसेनाशी होईल.

मऊ सावली हवी असेल तर?

याच प्रतीसाठी ‘फिल अँड स्ट्रोक’ची चौकट उघडा (कंट्रोल + शिफ्ट + एफ). तिथे ‘ब्लर’ वाढवा आणि ‘ओपॅसिटी’ कमी करा. प्रत न बनवताही हे जमतं. ‘फिल्टर्स’ मेनूतल्या ‘शॅडोज अँड ग्लोज’मध्ये ‘ड्रॉप शॅडो’ आहे. याचा फायदा असा, की नंतर मजकूर बदलला तर सावलीही आपोआप बदलते. प्रत बनवली असेल तर दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते.

मराठी अक्षरांसाठी वेगळी काळजी का?

इंग्रजीत अक्षरं सहसा सुटी असतात, देवनागरीत ती शिरोरेषेने जोडलेली. अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर करून प्रत्येकाला किनार किंवा अर्धपारदर्शक रंग दिला, तर जोडांवर रेघा किंवा गडद डाग दिसतात. उपाय सोपा आहे: पाथ बनवल्यावर ‘युनियन’ करून सगळा शब्द एकसंध करा, मग रंग द्या.

सावली फार जाड किंवा धूसर झाली तर वेलांटीची पोकळी भरते आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटल्यासारखा दिसतो. जोडाक्षरं तर वाचताच येत नाहीत. म्हणून सावली कमीच ठेवा. रंगही थेट काळा न घेता बॅकग्राउंडच्याच रंगाची गडद छटा घेतली, तर ती नैसर्गिक दिसते.

फ्लेक्स छापायचा असेल तर?

प्रिंटिंगवाले अनेकदा फाइल ‘कर्व्ह करून’ मागतात. त्यांच्या संगणकावर तुमचा फाँट नसला तरी अक्षरं बिघडू नयेत, हा त्यामागचा हेतू. पण कर्व्ह केल्यावर अक्षरं म्हणजे फक्त आकार उरतात. नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर टाइप करून दुरुस्त करता येत नाही. म्हणून मूळ मजकुराची फाइल वेगळी जपून ठेवा आणि कर्व्ह करण्याआधी सगळी नावं वाचून घ्या.

मऊ सावली असेल तर पीडीएफ बनवताना फिल्टरचं रिझोल्यूशन तपासा. ते कमी असेल, तर अक्षरं धारदार आणि सावली मात्र चौकोनी ठिपक्यांची, असा प्रकार होतो. मोठ्या बॅनरसाठी ठळक सावली जास्त भरवशाची.

आणि पोस्ट फक्त मोबाइलसाठी असेल तर? पीएनजी काढून ती मोबाइलवरच उघडून पाहा. हात लांब धरूनही मजकूर वाचता आला, तर सावलीने आपलं काम केलं असं समजा.